ॲडिरॉन्डॅकच्या वाटा इतक्या खडबडीत का?

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याचं सर्वांत उंच शिखर म्हणजे ॲडिरॉन्डॅक डोंगरांतलं माउंट मार्सी, उंची १,६२९ मीटर. म्हणजे कळसूबाई सतरा मीटरनं वरचढ. न्यू जर्सीत राहणारी आपली मंडळी हे आकडे बघून निर्धास्त होतात, शुक्रवारी रात्री गाडी काढून उत्तरेकडे निघतात आणि शनिवारी दुपारी मार्सीच्या वाटेवर घोटाभर चिखलात उभं राहून विचारतात, "ही काय वाट आहे?"

प्रश्न रास्त आहे. नेहमीच्या बाजूनं मार्सीला जायचं तर एका दिशेनं सुमारे बारा किलोमीटर चालावं लागतं आणि हजारेक मीटर चढावं लागतं. हे आकडे सह्याद्रीत हिंडलेल्याला घाबरवणारे नाहीत. दमवते ती पायाखालची जमीन. पावलोपावली झाडांची उघडी पडलेली मुळं, त्यांच्यामधे काळा चिखल, मग ओढ्याच्या पात्रासारखे गोटे, मग एकदम ओला गुळगुळीत कातळ. वळणं जवळजवळ नाहीतच, वाट नाकासमोर वर जाते. इतक्या श्रीमंत राज्याला एक धड पायवाट करता येत नाही का, असं पहिल्यांदा जाणाऱ्याला हमखास वाटतं. ती तशी का आहे, याचं उत्तर मात्र फार सुंदर आहे. त्यात हिमयुग आहे, पाण्याचा स्वभाव आहे आणि राज्यघटनेतलं एक कलम आहे.

आधी जागा समजून घेऊ. ॲडिरॉन्डॅक पार्क हे 'नॅशनल पार्क' नाही, केंद्र सरकारचा तिथे काही संबंध नाही. न्यूयॉर्क राज्यानं १८९२ साली नकाशावर निळ्या शाईनं एक हद्द आखली, तिला आजही 'ब्लू लाइन' म्हणतात. या रेषेच्या आत सुमारे साठ लाख एकर, म्हणजे चोवीस हजार चौरस किलोमीटर मुलूख येतो. कुठेही फाटक नाही, प्रवेश फी नाही. आत गावं आहेत, शाळा आहेत, सव्वा लाखाहून जास्त माणसं बारा महिने राहतात. निम्म्याहून थोडी जास्त जमीन खासगी, उरलेली राज्याची. तीन हजारांहून जास्त तळी आणि सरोवरं, आणि राज्याच्या जमिनीवर सुमारे ३,२०० किलोमीटर पायवाटा. मूळचे मोहॉक आणि अबेनाकी लोक शिकारीसाठी या रानात पिढ्यानपिढ्या वावरत होते. गोऱ्या लोकांनी मात्र हा भाग फार उशिरा पाहिला. मार्सीवर पहिली नोंदलेली चढाई १८३७ सालची आहे, आणि हडसन नदी उगम पावते ते तळं नकाशावर यायला १८७२ साल उजाडलं.

आता हिमयुग. इथला खडक शंभर कोटी वर्षांहून जुना. उंच शिखरांच्या भागात तो मुख्यतः ॲनॉर्थोसाइट नावाचा फिकट करडा, अतिशय कडक दगड आहे. चंद्राच्या उजळ दिसणाऱ्या डोंगराळ भागातही याच जातीचा दगड सापडतो. या दगडावरून हजारो वर्षं बर्फाचा प्रचंड थर सरकत होता. त्यानं जुनी माती खरवडून नेली, दऱ्या खोल केल्या, आणि सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी वितळता वितळता दगडगोट्यांचे ढिगारे मागे सोडले. ढिगाऱ्यांनी ओढे अडले, खळग्यांत पाणी साठलं. एवढी तळी इथे आहेत ती त्यामुळे. पण आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाची आहे ती माती. बारा हजार वर्षांत, थंडीमुळे पानं नीट कुजतही नाहीत अशा हवेत, माती बनून बनणार किती? बऱ्याच उतारांवर कातळावर मातीचा थर म्हणजे दुधावरची साय. स्प्रूस आणि फरची झाडं मुळं खोल घालूच शकत नाहीत, ती आडवी पसरतात आणि एकमेकांत गुंततात. वादळात एखादं झाड पडलं की मुळांची अख्खी चटई उचलली जाते आणि खाली नुसता कातळ दिसतो.

अशा जमिनीवर वाटा पाडल्या कोणी? एकोणिसाव्या शतकातल्या स्थानिक वाटाड्यांनी. शहरातून पाहुणे यायचे, त्यांना शिखरावर पोचवून अंधार पडायच्या आत परत आणायचं असायचं. मार्सीवरची पहिली वाट १८६१ साली ऑर्सन फेल्प्स या वाटाड्यानं तोडली. अशा वाटा बहुधा सरळ वर जायच्या, पुष्कळदा ओढ्याच्या कडेनं किंवा ओढ्यातूनच, कारण तिथे झाडं कमी तोडावी लागतात आणि चुकण्याचा धोका नसतो. आपल्या घाटवाटांशी ताडून पाहिलं तर फरक लगेच कळतो. नाणेघाटासारखी वाट व्यापारासाठी घडली, ओझ्याचं जनावर चढावं-उतरावं म्हणून तिथे फरसबंदी झाली, पाण्याची टाकी खोदली गेली. ॲडिरॉन्डॅकच्या शिखरांवर माल न्यायचा नव्हता, पलीकडे बाजारपेठ नव्हती. फक्त वर जाऊन खाली यायचं होतं.

सरळ वर जाणाऱ्या वाटेचं पुढे काय होतं, ते जरा बारकाईनं पाहू. जंगलातली जमीन मुळात भुसभुशीत असते, पाऊस पडला की पाणी जिरतं. शंभर जोडी बूट तिच्यावरून गेले की ती दबते आणि पाणी जिरायचं थांबतं. दबली म्हणजे आजूबाजूपेक्षा चार बोटं खाली गेली. आता दोन्ही बाजूंचं पाणी तिच्यात उतरणार, आणि वाट उताराच्या दिशेनंच असल्यामुळे पाण्याला बाहेर पडायला जागा नाही. ते वाटेतूनच खाली धावतं. बारीक माती आधी वाहून जाते, मुळं उघडी पडतात, मग मुळांखालचे गोटे, शेवटी कातळ. जिथे उतार कमी होतो तिथे वरून आलेली माती साचून चिखल होतो. इथे माणूस शिरतो. बूट खराब नकोत म्हणून तो चिखलाच्या कडेनं, शेवाळावर पाय देत जातो. मागचे दहाजण तसेच जातात, कडाही चिखल होते, पुढचे आणखी बाहेरून जातात. दीड फुटाची वाट अशी बघता बघता तीन-चार मीटर रुंद होते. म्हणूनच तिथले अनुभवी लोक सांगतात की चिखल आला की मधूनच चाला, बूट भरू द्या. हा सल्ला ऐकायला विचित्र वाटतो, पण पटला की माणूस आयुष्यभर पाळतो.

वाट बांधणाऱ्यांच्या शास्त्रात यावर उपाय आहे, आणि तो कळायला सोपा आहे. वाट उताराला आडवी न्यायची, आणि तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त होऊ द्यायचा नाही. डोंगर शंभर फुटांत चाळीस फूट चढत असेल तर वाट शंभर फुटांत वीसच फूट चढेल. असं केलं की वरून आलेलं पाणी वाट ओलांडून पलीकडे निघून जातं, तिच्यातून धावत नाही. अधूनमधून वाटेला मुद्दाम छोटासा उतार द्यायचा, म्हणजे साचलेलं पाणी तिथे बाहेर पडतं. जुन्या वाटेवर एवढं जमत नसेल तर दगडी पायऱ्या, पाणी वळवायला आडवे दगड, दलदलीवर लाकडी फळ्या. ही कामं हातानं होतात, पहारीनं आणि दोरांनी. कारण पार्कातल्या जवळपास निम्म्या सरकारी जमिनीला 'वाइल्डरनेस' हा दर्जा आहे, आणि तिथे यंत्रं आणायला एरवी मनाई असते.

मग सगळ्याच वाटा आडव्या का वळवत नाहीत? इथे घटनेचं कलम आडवं येतं, आणि या साऱ्या कहाणीतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड कंपन्यांनी हे रान झपाट्यानं कापायला घेतलं. विरोध झाला, पण तो फक्त निसर्गप्रेमींचा नव्हता. न्यूयॉर्क शहरातले व्यापारी घाबरले होते. हडसन नदी आणि ईरी कालवा यांवर त्यांचा माल वाहायचा. जंगल गेलं तर वसंतात बर्फ एकदम वितळून पूर येईल आणि उन्हाळ्यात कालवा कोरडा पडेल, हे त्यांना दिसत होतं. १८८५ साली कायद्यानं सरकारी जंगल राखीव झालं. पण कायदा करणारेच त्यात पळवाटा काढू लागले, तेव्हा १८९४ च्या घटना परिषदेत हे संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं गेलं. आज ते चौदाव्या कलमात आहे. सार असं: ही जमीन कायम रान म्हणूनच राखली जाईल, ती विकता, भाड्यानं देता किंवा बदलून देता येणार नाही, आणि तिच्यावरचं लाकूड विकता, हलवता किंवा नष्ट करता येणार नाही.

मूळ मजकुरात अपवादांची यादी नव्हती. ज्याला अपवाद हवा त्यानं घटनादुरुस्ती करून आणायची. त्यासाठी एका विधिमंडळानं ती मंजूर करायची, मधे निवडणूक होऊन आलेल्या नव्या विधिमंडळानं पुन्हा मंजूर करायची, आणि मग राज्यभरातल्या मतदारांनी कौल द्यायचा. व्हाइटफेस डोंगरावर मोटाररस्ता न्यायचा होता, त्यासाठी १९२७ साली हे सगळं करावं लागलं. अल्बनीहून कॅनडाकडे जाणारा महामार्ग या जंगलातून नेण्यासाठी १९५९ साली पुन्हा तेच.

ज्यांनी हा मार्ग टाळून पाहिला त्यांची गोष्ट वेगळी. १९३२ चं हिवाळी ऑलिंपिक लेक प्लॅसिड गावात होणार होतं आणि बर्फावरच्या बॉबस्लेड शर्यतीसाठी धावपट्टी हवी होती. सरकारी जंगलातली साडेचार एकर जागा, अंदाजे अडीच हजार झाडं. विधिमंडळाची परवानगीही मिळाली होती. एका संस्थेनं दावा लावला आणि १९३० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हेतू चांगला असेल, पण घटना परवानगी देत नाही. धावपट्टी शेवटी दुसऱ्या जागेवर झाली, ऑलिंपिकही पार पडलं.

हे जुनं प्रकरण म्हणावं तर अगदी अलीकडचं उदाहरण आहे. बर्फावरच्या मोटारगाड्यांसाठी, म्हणजे स्नोमोबाइलसाठी, राज्याच्याच पर्यावरण खात्यानं रुंद वाटा आखल्या. नऊ ते बारा फूट रुंद, एकूण सुमारे त्रेचाळीस किलोमीटर. खातं खोडाची जाडी तीन इंच किंवा त्याहून जास्त असेल तरच त्याला झाड म्हणून मोजत होतं. विरोधकांनी एक इंच जाडीची रोपंही मोजली आणि आकडा पंचवीस हजारांच्या घरात गेला. इतक्या पातळ मातीत एक इंचाचं स्प्रूस कित्येक वर्षांचं असू शकतं, त्याला झाड म्हणायचं नाही तर काय? मे २०२१ मध्ये न्यायालयानं चार विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की या वाटा घटनेत बसत नाहीत. पायी चालणाऱ्यांसाठी लागते त्याहून जास्त ढवळाढवळ त्यांत आहे. पायवाट हा मोजमापाचा गज ठरला. जंगलात किती हात घालायचा याची हद्द म्हणजे माणूस चालतो तेवढी जागा, असं सव्वाशे वर्षांनीही न्यायालय सांगतं, हे वाचून मला मनापासून बरं वाटलं.

सगळ्या वाटा शिखरांकडेच जातात असं नाही. चढाईपेक्षा जंगल आणि पाणी हवं असेल तर नॉर्थव्हिल-प्लॅसिड ट्रेल आहे, सुमारे २२० किलोमीटरची. ॲडिरॉन्डॅक माउंटन क्लब १९२२ साली स्थापन झाला आणि त्याचं पहिलं मोठं काम हीच वाट. ती शिखरं टाळते आणि दक्षिणेकडून उत्तरेला एका तळ्याकडून दुसऱ्या तळ्याकडे जाते. लाँग लेक नावाप्रमाणे लांबलचक, वीस-बावीस किलोमीटरचं. वाट त्याच्या पूर्व काठानं कितीतरी वेळ चालत राहते. मुक्कामाला ओंडक्यांचे निवारे असतात, तीन बाजू बंद आणि चौथी सताड उघडी. त्यांचं आरक्षण नसतं, आणि जागा असेपर्यंत नंतर आलेल्याला सामावून घ्यायचं असा नियम आहे. आपल्याकडे गडावरच्या देवळात मुक्कामाला सरकून जागा करून देतात, तसंच.

या वाटेवर तुमची गाठ बीव्हरशी पडते. कातडीच्या व्यापारानं हा प्राणी इथून जवळजवळ संपला होता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बाहेरून आणून पुन्हा सोडला. आता तो भरपूर आहे आणि ओढ्यांवर काटक्या-चिखलाचे बांध घालतो. काल जिथे वाट होती तिथे आज तळं. मग कधी बांधावरूनच तोल सांभाळत पलीकडे जायचं, कधी लांबून वळसा. नकाशा दोन वर्षं जुना असेल तर त्यावर फार विसंबू नये.

शिखरांच्या भागातलं ॲव्हलांच लेक मात्र एकदा तरी बघावं असं. दोन्ही बाजूंनी सरळसोट कडे थेट पाण्यात उतरतात, काठ असा नाहीच. म्हणून कड्याला लोखंडी बोल्टांनी लाकडी फळ्या ठोकल्या आहेत आणि आपण पाण्यावरून चालत जातो. या फळ्यांना 'हिच-अप मटिल्डा' म्हणतात. सांगतात ते असं की १८६८ साली बिल नाय नावाचा वाटाड्या मटिल्डा नावाच्या बाईंना खांद्यावर घेऊन इथलं पाणी ओलांडत होता. त्या घसरू लागल्या तशी सोबतची मंडळी ओरडली, "मटिल्डा, वर सरक!"

पाण्यावरून आठवलं. इथल्या काही उंच तळ्यांचं पाणी एकेकाळी इतकं नितळ झालं होतं की तळ दिसायचा. बघणारा खूश व्हायचा, पण ते तळं मेलेलं असायचं. ओहायो खोऱ्यातल्या कोळशाच्या वीजकेंद्रांचा गंधकयुक्त धूर वाऱ्यानं शेकडो किलोमीटर येऊन इथे पावसातून आणि बर्फातून उतरत होता. चुनखडीच्या प्रदेशात माती हे आम्ल मारून टाकते. इथल्या कडक खडकात आणि पातळ मातीत ती ताकद नाही. उलट आम्लामुळे मातीतलं ॲल्युमिनियम सुटून पाण्यात आलं आणि माशांच्या कल्ल्यांवर बसलं. १९८० च्या दशकात १,४६९ तळी तपासली, तेव्हा जवळपास एक चतुर्थांश तळ्यांत मासा मिळाला नाही. सगळीकडे कारण आम्लच होतं असं नाही, पण पुष्कळ ठिकाणी होतं. घटनेनं कुऱ्हाड अडवली होती, धूर तिच्या आवाक्यातला नव्हता. १९९० साली केंद्रीय कायद्यात दुरुस्ती होऊन वीजकेंद्रांच्या गंधकावर मर्यादा आली, तेव्हापासून पाणी हळूहळू सुधारतंय. काही तळ्यांत ब्रूक ट्राउट मासा परत आलाय, आणि पाणी पुन्हा चहासारखं तांबूस होतंय. तो रंग कुजलेल्या पानांचा, म्हणजे चांगलं लक्षण.

आता माथ्यावर येऊ. कळसूबाईपेक्षा सतरा मीटर बुटक्या मार्सीवर झाडं उगवत नाहीत, कारण ती ४४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. माथ्याजवळ फर आणि स्प्रूस गुडघ्याएवढी होतात आणि मग संपतातच. वर उरते ती आर्क्टिक प्रदेशातली इवलीशी झुडपं आणि गवतं, बर्फ उत्तरेकडे मागे सरकताना इथे अडकून राहिलेली. अख्ख्या न्यूयॉर्क राज्यात या वनस्पतींची जागा दोनशे एकरांपेक्षाही कमी आहे. त्या उणे तीस अंश आणि सोसाट्याचा वारा सोसतात, पण बुटाचे चार-पाच घाव सोसत नाहीत. १९९० पासून उन्हाळ्यात मार्सीसारख्या गर्दीच्या शिखरांवर 'समिट स्टुअर्ड' म्हणजे शिखरराखे उभे असतात. ते दंड करत नाहीत. नुसतं बोलतात, झुडूप दाखवतात, "कातळावरूनच चाला" म्हणतात. एवढ्यानं बरंच हिरवं परत आलंय.

जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळत असताना २,५०० फुटांपेक्षा उंचावरच्या वाटांवर जाऊ नका, असं पर्यावरण खातं दरवर्षी सांगतं, कारण त्या दिवसांत ओली वाट सर्वांत जास्त मोडते. नंतर जूनअखेरपर्यंत काळ्या माश्या चावतात, त्यामुळे सप्टेंबर उत्तम. वाटेच्या तोंडाशी पेटीत वही असते, तीत नाव आणि बेत लिहाच. फोनला रेंज नसते आणि शोधणारे रेंजर आधी तीच वही उघडतात. उंच शिखरांच्या भागात दिवसाच्या सहलीला एका गटात जास्तीत जास्त पंधरा आणि मुक्कामाला आठ माणसं चालतात. आपल्याकडे बस भरून ट्रेक काढायची सवय आहे, तेव्हा हे आधी बघा. पूर्वेकडच्या शिखरभागात शेकोटी बंद आहे, आणि एप्रिल ते नोव्हेंबर मुक्कामाला अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवावं लागतं. इथे 'यलो-यलो' म्हणून एक छोटीशी अस्वलीण होती. एका कंपनीचा डबा तिनं उघडायला शिकून घेतला. कंपनीनं झाकणाला दुसरा अडसर बसवला, तोही तिनं उघडला.

वाटांची दुरुस्ती चालू आहे. माउंट व्हॅन होवेनबर्गवर नवी आडवी वाट झाली आहे, तिच्यावर चालून बघा. मुळं नाहीत, चिखल नाही, पावसानंतर तासाभरात कोरडी. तशीच वाट मार्सीवर करायची तर लांबी वाढणार, आणि लांबी वाढली की आणखी झाडं जाणार. त्यामुळे नवी आखणी करणारा आज रानात आधी मोजपट्टी घेऊन फिरतो, खोडं मोजतो, दोन झाडांच्या मधून वाट निघते का बघतो, आणि निघत नसेल तर पुन्हा वर चढून दुसरीकडून प्रयत्न करतो. हे काम सावकाश होतं. तोवर जुन्या वाटेवर पायताबे भिजणार.